हेडटॉर्च कुणाच्या डोक्यावर? रात्रीच्या वाटेवरच्या उजेडाचा छोटा इतिहास

आजचा प्रश्न वरवर पाहिला तर दुकानातला आहे. गणेशपुरीच्या आसपास, तानसा नदीच्या काठाने किंवा मंदाग्नी डोंगराच्या पायथ्याने, रात्री किंवा पहाटे धावायचं असेल तर हेडटॉर्च कोणता घ्यावा? उत्तर दोन ओळींत देता येईल आणि मी ते पुढे देणारही आहे. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून आधी त्याच प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने बघू. डोक्यावर दिवा लावून चालायची ही पद्धत आली कुठून? आणि त्याआधी रात्रीच्या वाटेवर उजेड कोण धरत होतं?

सुरुवात शब्दांपासून करा. ज्या विषयावर एकही ग्रंथ सापडत नाही, त्यावर शब्दकोश बोलतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, वाढवलेली आवृत्ती १८५७ची. उजेडाचे शब्द एकेक करून त्यात शोधा: मशाल, दिवटी, दिवट्या, चूड, पलिता, हिलाल. मग एक तक्ता करा. वस्तू कशाची, इंधन कोणतं, धरायची कशी, धरणारा कोण. गवत-काटक्यांची चूड गरिबाची. ती मिनिटांत जळून जाते, म्हणून वाट जवळची हवी. मशालीला चिंध्या आणि तेल लागतं, म्हणजे खर्च आला. दिवटी देवाच्या कामाची, गोंधळात आणि खंडोबाच्या पूजेत आजही दिसते. तक्ता भरत गेलात की एक गोष्ट आपोआप लक्षात येते: हे सगळे उजेड हातात धरायचे आहेत. म्हणजे उजेड हवा असेल तर एक हात गेला. दोन्ही हात मोकळे हवे असतील तर दुसऱ्या कुणाचा तरी हात विकत घ्यायचा, नाहीतर हक्काने वापरायचा.

हा दुसरा हात म्हणजे मशालजी. अरबी ‘मशअल’ला तुर्की ‘ची’ प्रत्यय लागून ‘मशालची’ झाला आणि मराठीत तो मशालजी म्हणून रुळला. दरबारी खर्चाच्या याद्यांत तो पालखीच्या भोयांबरोबर आणि हुजऱ्यांबरोबर भेटतो. गावगाड्यातही अनेक ठिकाणी लग्नकार्यात मशाल धरण्याचं काम न्हाव्याकडे असे. म्हणजे उजेड देणं ही नुसती नोकरी नव्हती, काही ठिकाणी ते जातीशी बांधलेलं काम होतं. पुढे या शब्दाचं काय झालं तेही बघा. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हाच मशालची साहेबांच्या घरात भांडी घासणारा नोकर झालेला दिसतो. सरकारी वसतिगृहांच्या किंवा मेसच्या नोकरभरतीत ‘मसालची’ हे पद तुम्ही कधीतरी वाचलं असेल. बहुतेकांना वाटतं त्याचा मसाल्याशी संबंध आहे. संबंध मशालीशी आहे. दिव्यांची साधनं बदलली, हातातली मशाल गेली, माणूस मात्र स्वयंपाकघराच्या मागच्या मोरीवर जाऊन बसला. एका शब्दात एवढा इतिहास असतो.

आता डोक्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, हेडटॉर्च ही परदेशी आणि नवी वस्तू. वस्तू परदेशी आहेच. पण डोक्यावरचा दिवा आपल्याकडे अनोळखी नव्हता. जुन्या वराती आठवा, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बँडच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणाऱ्या बाया-माणसांची रांग असायची. जर्मनीत १९१०च्या सुमारास पेट्रोमॅक्स निघाली आणि तिची भावंडं आपल्या गावोगाव ‘गॅसबत्ती’ किंवा नुसती ‘बत्ती’ म्हणून पोचली. तापलेली, फुसफुसणारी, रॉकेलने भरलेली ती बत्ती ज्याच्या डोक्यावर असे, त्याच्या वाटेसाठी ती नव्हतीच. उजेड नवरदेवावर पडायचा. धारकाला बत्ती पडू न देता, मान न हलवता चालायचं असे. आजच्या धावपटूच्या आणि त्या बत्तीवाल्या बाईच्या डोक्यावरच्या दिव्यात खरा फरक ल्युमेनचा नाही. दिवा कुणासाठी जळतो, हा आहे.

मधली पायरी कंदिलाची. इथे आपल्याकडचं एक ठळक नाव येतं: कराडजवळची ओगलेवाडी. औंध संस्थानाच्या आश्रयाने १९१६ साली तिथे ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील मराठी घरांत पोचला. कंदिलाने दोन गोष्टी केल्या. वाऱ्यात न विझणारा उजेड सामान्य माणसाच्या स्वतःच्या हातात दिला. आणि तो उजेड गुडघ्याच्या उंचीवर आणला. ही दुसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण तिथेच आपल्या दुकानातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

खालून, बाजूने पडणाऱ्या उजेडात दगडाची सावली लांब पडते. सावली दिसली की खड्डा किती खोल आणि दगड किती उंच ते कळतं. हेडटॉर्च मात्र डोळ्यांच्या अगदी वर असतो. त्याने पडलेली सावली दगडाच्या मागे लपते, आपल्याला दिसतच नाही, आणि सगळी वाट सपाट वाटायला लागते. पाय मुरगळतो तो इथे. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते: धुकं, भुरभुर पाऊस आणि स्वतःचा श्वाससुद्धा डोक्यावरच्या उजेडाला परत डोळ्यांवर फेकतो. म्हणून अनेक अनुभवी धावपटू डोक्यावर एक आणि कमरेला एक असे दोन दिवे वापरतात. कंदील घेऊन बांधावरून चालणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या हाताची उंचीच बरोबर होती.

मग डोक्यावरचा दिवा आला कुठून? खाणीतून. तिथे दोन्ही हातांना काम असतं आणि मशालजी परवडत नाही. एकोणिसाव्या शतकात खाणकामगारांच्या टोपीला तेलाचे छोटे दिवे आले, १९००च्या सुमारास कार्बाइडचे, आणि १९१४-१५च्या सुमारास अमेरिकेत एडिसनचा, कमरेला बॅटरी बांधलेला विजेचा दिवा. खाणीतून तो गुहा शोधणाऱ्यांकडे आणि गिर्यारोहकांकडे गेला. फ्रान्समधल्या पेझलसारख्या कंपन्यांनी १९७०-८०च्या दशकांत बॅटरीसकट सगळा दिवा डोक्याच्या पट्ट्यावर बसवला. १९९३ साली जपानमध्ये नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी तयार केला आणि त्यातून पांढऱ्या एलईडीचा रस्ता खुला झाला. याच निळ्या एलईडीसाठी २०१४चं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना मिळालं. आज तुम्ही पाऊणशे-शंभर ग्रॅमचा दिवा डोक्याला लावता, तेव्हा खाणकामगाराची गरज तुमच्या छंदाला उपयोगी पडत असते.

आता खरेदी. खोक्यावरचा आकडा हाही एक दस्तऐवज आहे, तेव्हा त्याची चिकित्सा करा. आकडा कुणी मोजला, कधी, कोणत्या अटीवर? चांगल्या कंपन्या अमेरिकेतलं ‘एफएल-१’ हे प्रमाण पाळतात. ते २००९ साली आलं. त्यात ‘किती लांब’ याचा अर्थ उजेड पाव लक्सवर येईपर्यंतचं अंतर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. ‘किती तास’ याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे ‘४० तास’ वाचून तुम्ही खूश झालात, तर त्यातले बरेच तास मंद उजेडाचे असू शकतात. सनावळीतली तारीख तपासता तसाच हा आकडा तपासा.

तानसा खोऱ्यासाठी माझा हिशेब असा. न झोपणारा, म्हणजे तासभर स्थिर राहणारा दोनशे-तीनशे ल्युमेनचा उजेड पुरे. हजार ल्युमेनच्या मोहात पडू नका. झोत रुंद हवा. पावसासाठी किमान आयपीएक्स-४, म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी सोसणारा. बॅटरी अशी घ्या की संपली तर गावच्या दुकानात सेल मिळेल, नाहीतर जोडीला दुसरी ठेवा. कमरेचा छोटा दिवा जरूर घ्या. मण्यार, घोणस, फुरसं ही रात्रीची मंडळी आहेत, तेव्हा गवतातून धावू नका आणि पाय टाकायच्या आधी जमीन बघा. तानसा आणि तुंगारेश्वर ही अभयारण्यं आहेत, वनखात्याला विचारल्याशिवाय रात्री आत शिरू नका. आणि समोरून माणूस आला की दिवा खाली वळवा. वाट तुमच्याआधी त्याची आहे.

शेवटी तुमच्यासाठी काम. वसईच्या १७३९च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडून बांधलेलं वज्रेश्वरीचं देऊळ गणेशपुरीपासून अगदी जवळ आहे. तिथली मोठी यात्रा चैत्र अमावास्येला भरते. अमावास्या, म्हणजे चंद्र नाही. मग वीज येण्याआधी पाड्यापाड्यांतून लोक त्या रात्री कसे येत? चूड कोण पेटवायचं, कंदील कुणाकडे होता, बत्त्या कुणाच्या डोक्यावर असायच्या, दिवसाची मजुरी किती मिळायची? देवळाच्या इतिहासात चिमाजी अप्पांचं नाव आहे, बत्तीवाल्या बाईचं नाही. पण तिच्या पिढीतली माणसं अजून भेटू शकतात. त्यांच्याकडे जा, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, नाव सांगायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. पुराभिलेखागारातले कागद दहा वर्षांनीही मिळतील. ही माणसं मिळतीलच असं नाही. प्रबंधाचा विषय शोधत असाल, तर सुरुवात इथून करा.