घरखरेदीपत्रें व दाट वस्तींतील मालकी : इचलकरंजीच्या निमित्तानें दोन शब्द

१. ऐतिहासिक कागदपत्रें जमविणारांच्या दप्तरांत घरखरेदीपत्रांचा भरणा थोडा नसतो. परंतु त्यांच्या वाट्याला आदर मात्र फार थोडा येतो. सनद, महजर, राजपत्र हातीं लागलें कीं संग्राहक तें निराळें काढून जपतो. आणि कोणा गृहस्थानें शेजारच्या गृहस्थास अर्धा सोपा व परड्याची जागा विकल्याचा कागद असला, तर तो ‘किरकोळ’ या सदराखालीं रुमालाच्या तळाशीं जातो. हा अनादर अस्थानीं आहे, असें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे. घर विकत घेणें म्हणजे चार भिंती घेणें एवढेंच नव्हे. दाट वस्तींत तें शेजारसंबंध विकत घेणें होय, आणि त्या संबंधांची नोंद या किरकोळ कागदांखेरीज इतरत्र क्वचितच सांपडते.

२. उदाहरणासाठीं इचलकरंजी घेतों. या जहागिरीचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी हे सावंतवाडीकडील म्हापणचे. सेनापति संताजी घोरपडे यांच्या आश्रयानें ते उदयास आले व कृतज्ञताबुद्धीनें त्यांनीं धन्याचें घोरपडे हें आडनांव धारण केलें. त्यांचे पुत्र व्यंकटराव यांस बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनुबाई दिली होती. म्हणजे इचलकरंजीकर हे थोरल्या बाजीरावांचे मेहुणे. या घराण्याचा इतिहास कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं लिहिला व तो १९१३ सालीं प्रसिद्ध झाला. जहागीर कोल्हापूर राज्याच्या अंगभूत असून १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर मुंबई प्रांतांत विलीन झालें तेव्हां तिचाहि शेवट झाला.

वाड्याच्या आसऱ्यानें वाढलेल्या या गांवाचें रूप पालटलें तें मागांमुळें. श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनानें विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं येथें पहिला यंत्रमाग चालविला. पुढें गांव इतकें भरलें कीं २०११ च्या खानेसुमारींत वस्ती सुमारें २ लक्ष ८७ हजार झाली, आणि २०२२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. राजवाड्यांत आतां वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी यांचें शिक्षण देणारी संस्था आहे. परंतु जुना गांवभाग हा अद्यापि गांवभागच आहे. भिंतीस भिंत, वळचणीस वळचण, आणि दोन घरांमधून जेमतेम एक माणूस जाईल असा बोळ, हें त्याचें स्वरूप. अशा ठिकाणीं मालकी कोठें संपते व शेजार कोठें सुरू होतो, हा प्रश्न शब्दांचा नसून विताचा व बोटांचा आहे.

३. हा प्रश्न आजचा नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत एक स्मृतिवचन घेतलें आहे. त्याचा आशय असा कीं, भूमि सहा गोष्टींनीं एकाकडून दुसऱ्याकडे जाते : स्वग्राम, ज्ञाति, सामंत म्हणजे शेजारी, आणि दायाद या चौघांची अनुमति, तसेंच सुवर्ण व उदक यांचें दान. या वचनाचा त्यानें केलेला अर्थ लक्षांत घेण्याजोगा आहे. गांवाची अनुमति कशास, तर व्यवहार उजेडांत यावा म्हणून. आणि शेजाऱ्यांची कशास, तर पुढें सीमेविषयीं तंटा उपस्थित होऊं नये म्हणून. म्हणजे शेजारी हा विक्रीचा मालक नव्हे, तर तिचा साक्षी. मराठी खरेदीखतांत चतुःसीमा लिहिण्याची व त्या त्या बाजूच्या माणसांची साक्ष घालण्याची जी चाल दिसते, तिचें बीज या विचारांत आहे.

४. आतां प्रत्यक्ष पत्राकडे वळूं. संग्राहकानें खरेदीपत्र हातीं घेतांच तें चार ठिकाणीं तपासावें.

पहिलें ठिकाण मितीचें. पत्रांत शक, संवत्सर, महिना, तिथि, वार व बहुधा सुहूर सन इतक्या गोष्टी असतात, आणि त्या एकमेकींस जुळाव्या लागतात. समजा, एका पत्रावर शके १७०२ शार्वरी नाम संवत्सर, वैशाख, आणि सुहूर सन ‘समानीन मया व अलफ’ म्हणजे ११८० असें आहे. दुसऱ्यावर तोच शक, तोच संवत्सर, महिना आश्विन, आणि सन ‘इहिदे समानीन मया व अलफ’ म्हणजे ११८१ असें आहे. घाईचा वाचक पहिल्यास बनावट ठरवील. परंतु शक बदलतो चैत्रांत आणि सुहूर सन बदलतो मृगाच्या आरंभीं; म्हणून इसवी १७८० चा वैशाख ११८० मध्यें व आश्विन ११८१ मध्यें पडतो. दोन्हीं पत्रें बरोबर आहेत. उलट वैशाखावर ११८१ असतें तर मात्र शंकेस जागा होती.

दुसरें ठिकाण नाण्याचें. ‘रुपये’ एवढ्या शब्दावर किंमतींची तुलना करूं नये. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे निरनिराळे शिक्के चालत व त्यांच्या बदल्यांत बट्टा पडे. शिक्का न पाहतां दोन घरांच्या किंमती शेजारीं शेजारीं मांडणें म्हणजे दोन निरनिराळ्या मापांनीं धान्य मोजणें होय.

तिसरें ठिकाण चतुःसीमेचें. आणि हेंच पत्राचें हृदय. पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस रस्ता, एवढ्यावर वाचन संपवूं नये. भिंत सामाईक कीं स्वतंत्र, पागोळी कोणाच्या जागेंत पडते, मोरीचें पाणी कोणीकडे वाहतें, आडावर पाणी भरण्याचा हक्क कोणास, परड्यांत जाण्याची वाट कोणत्या बोळानें, हीं कलमें तेथेंच असतात. एका घराचीं तीन पिढ्यांचीं पत्रें क्रमानें लाविलीं, तर सामाईक भिंत एकाची कधीं झाली, वाटणींत माजघर एका भावाकडे व सोपा दुसऱ्याकडे कसा गेला, आणि मोकळें परडें बांधकामाखालीं कधीं आलें, हें डोळ्यांपुढें उभें राहतें.

चौथें ठिकाण साक्षीचें. कोणी स्वहस्तें सही करी, कोणी निशाणी करी. नांगराची निशाणी शेतकऱ्याची व तराजूची व्यापाऱ्याची, हें सर्वांस ठाऊक आहे. पण साक्षीदारांचीं नांवें चतुःसीमेंतील नांवांशीं ताडून पाहण्याचें कष्ट थोडे जण घेतात. शेजाऱ्याची साक्ष असली तर व्यवहार निर्वेध झाला, असें अनुमान करण्यास आधार मिळतो. ती नसली आणि हरकतीचें निवारण विकणारानें करावें हें कलम मात्र लांबलचक असलें, तर तेथें कांहीं कुरबूर होती काय, हें शोधावें.

५. पुण्यासारख्या मोठ्या शहरीं हें काम केवळ शेजाऱ्यांवर सोंपवून भागत नसे. पेशवाईंत तेथील कोतवालाकडे रस्ते, गल्ल्या व घरें यांसंबंधींचे तंटे तोडणें, जागांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणें, आणि शहरांत येणाऱ्या-जाणाऱ्यांची टिपणें ठेवणें, हीं कामें असत. हीं तीन कामें एकाच अधिकाऱ्याकडे असणें अर्थपूर्ण आहे. वस्ती दाट व लोक अनोळखी झाले म्हणजे शेजाऱ्याची आठवण अपुरी पडते आणि तिची जागा दप्तर घेतें.

इचलकरंजीस ही अवस्था मागांनीं आणली. घरांतच माग आला कीं सोपा कारखाना बनतो, सामाईक भिंतीस हादरे बसूं लागतात, परड्यांत सुताचा माल पडतो, आणि ज्या वाटेनें घागर जाई त्या वाटेनें बीम जाऊं लागतें. हक्क जुना, उपयोग नवा. अशा वेळीं ‘पूर्वीपासून चालत आलें’ हें वाक्य दोन्हीं पक्ष तितक्याच खात्रीनें उच्चारतात, आणि निर्णय कागदावर येऊन ठेपतो.

६. आज गांवभागांत घर घेणारा सिटी सर्व्हेचा उतारा पाहतो व नोंदणी कचेरींत शोध घेतो. हें योग्यच आहे. परंतु उताऱ्यावर क्षेत्र व धारकाचें नांव ठळक असतें. सुविधाधिकाराचा रकाना असला तरी चौकशीचे वेळीं ज्यानें हक्क सांगितला नाहीं, त्याच्यापुरता तो कोराच राहतो. पागोळीचा, मोरीचा व बोळाचा इतिहास मोडी कागदांतच राहिला. जुनें घर पडून तेथें मजल्यावर मजला चढूं लागला कीं ते कागद माळ्यावरून खालीं येतात, आणि रद्दीबरोबर तोलले जातात. तेथून कांहीं भाग्यवान् कागद आपणां संग्राहकांकडे पोंचतात.

येथेंच आपली जबाबदारी सुरू होते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ९० व्या कलमानें तीस वर्षांवरील दस्तऐवज योग्य ताब्यांतून हजर झाला, तर त्यावरील सही, अक्षर व साक्ष खरी आहे असें न्यायालयास गृहीत धरतां येत असे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतहि ही तरतूद ९२ व्या कलमांत कायम आहे. मजकूर खरा आहे असें त्यानें ठरत नाहीं. परंतु साक्षीदार हयात नसलेल्या कागदास तोच आधार. आणि त्याची अट आहे ‘योग्य ताबा’. घरच्या पेटींतील कागदास ती सहज साधते. रद्दीवाल्याकडून तीन हात फिरून आलेल्या, मूळ विसरलेल्या कागदास ती साधणें कठीण. मात्र कागद ताब्यांत कसा आला याचें न्याय्य मूळ दाखवितां आलें, तर तो ताबा अयोग्य मानला जात नाहीं.

म्हणून विनंति अशी. पुडकें फोडूं नये. शिक्क्याचा कागद ठेवून बाकीचे टाकूं नयेत. कोणत्या घरांतून, कोणत्या दिवशीं, कोणाच्या हातून कागद आला, तें त्याच वेळीं लिहून ठेवावें. घरचे लोक तेथेंच राहत असतील तर मूळ कागद त्यांच्या पेटींत राहूं द्यावा व आपण नक्कल घ्यावी. सनदेनें राजाचा इतिहास कळतो. खरेदीपत्रानें शेजाऱ्याचा कळतो. आणि त्या शेजाऱ्याचे वंशज त्याच भिंतीच्या पलीकडे अद्यापि नांदत असण्याचा संभव आहे, हें आपण विसरूं नये.