पिसांची माशी आणि निरीक्षकाची वही

तापी नदी मुलताईजवळ उगम पावते, खानदेशातून पश्चिमेकडे वाहते आणि सुरतेच्या खाली हजीऱ्यापाशी समुद्रास मिळते. या मुखाच्या उत्तरेस सुवाळीचा किनारा आहे. १६१२ च्या नोव्हेंबर महिन्यात टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाच्या जहाजांनी तेथेच पोर्तुगीज आरमाराशी झुंज दिली आणि त्यानंतर सुरतेत इंग्रजांच्या व्यापाराचे पाऊल स्थिरावले. इतिहासाच्या पुस्तकात या किनाऱ्याला जागा मिळाली ती या लढाईमुळे. परंतु ती जहाजे येण्यापूर्वीही तेथे मच्छीमार होता आणि ती निघून गेल्यावरही तो राहिला. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटी देशातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोट्यांत मोडते. तिची वेळ साधली तर जाळ्यात मासा, चुकली तर त्या दिवशीची चूल गार.

पोटासाठी मासा धरणे ही जितकी जुनी गोष्ट, तितकीच मनोरंजनासाठी मासा धरणे हीही जुनीच म्हणावी लागेल. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने करावयाच्या विनोदांत त्याने ‘मत्स्यविनोद’ सांगितला आहे. काठी कशी असावी, दोर कशाचा वळावा, गळ कसा घडवावा, कोणत्या माशाला कोणते आमिष रुचते, याचा तपशील त्यात आढळतो आणि तीसहून अधिक माशांची नावे येतात. मराठी मुलखाच्या सीमेवरील या राजाने आठशे-नऊशे वर्षांपूर्वी मासे गरविण्याचे शास्त्र लिहून ठेवावे, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. मात्र हा विनोद एकट्या राजाचा होता. त्यात प्रतिस्पर्धी नव्हता, म्हणून पंचाचीही गरज नव्हती.

पश्चिमेकडे या छंदाने निराळे वळण घेतले. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन या लेखकाने मॅसिडोनियातील लोकांचे वर्णन केले आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसे बांधीत, आणि मासा त्या खोट्या माशीला खरी समजून झेप घेई. आज ज्याला फ्लाय फिशिंग म्हणतात, त्याचे बीज येथे आहे. यात खरे आमिष नसते. हाताचे कौशल्य आणि माशाच्या सवयींचे ज्ञान हेच भांडवल. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टन याचा ‘द कम्प्लीट अँगलर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन याने पिसांच्या माशीवरील भाग त्यास जोडला. पुढे क्लब निघाले. १८८० मध्ये स्कॉटलंडमधील लॉक लेव्हन या सरोवरावर तेथील क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. एकांतातल्या छंदाला आता वेळापत्रक आणि निकालपत्रक आले.

अशा स्पर्धेची व्यवस्था लावणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. धावण्याच्या शर्यतीत सर्वांची वाट सारखी असते. नदीत तसे नसते. एका वळणावर डोह, दुसऱ्यावर खडक. चांगली जागा मिळाली तो जिंकला, असे झाले तर कौशल्याचा निकाल लागलाच नाही. रोम येथे १९५२ मध्ये हौशी गळकऱ्यांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, आणि त्याच्या विद्यमाने १९८१ मध्ये लक्झेंबर्ग येथे माशीने मासे धरण्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिच्यातून जी पद्धत रूढ झाली ती मोठी विचारपूर्वक केलेली आहे. संघात पाच स्पर्धक असतात. पाण्याचे पाच विभाग पाडतात आणि प्रत्येक विभागात संघाचा एकेक गडी उतरतो. सत्र तीन तासांचे. पाच सत्रांत प्रत्येकाला पाचही विभाग पालथे घालावे लागतात. विभागातील नेमकी जागा चिठ्ठी टाकून ठरते. गुण संघाच्या नावे जमा होत असल्यामुळे एकाच्या पराक्रमावर चौघांची हयगय झाकली जात नाही.

या सर्वांहून महत्त्वाचा आहे तो काठावरचा निरीक्षक. गळाला अकुशी नसते. मासा जाळीत येताच त्याची लांबी मोजली जाते, वहीत नोंदली जाते आणि मासा जिवंत पाण्यात सोडला जातो. पूर्वी विजय टोपलीतल्या वजनावर मोजीत, आता तो नोंदीवर मोजतात. नदीला नोंदीचा भार होत नाही.

या नोंदींचे मोल भारतातच एका प्रसंगी दिसून आले. आपल्याकडे गळकऱ्यांचा मानाचा मासा म्हणजे महसीर. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या नदीतील महसीराची शास्त्रीय नोंद ‘खुद्री’ या नावाने केली, आणि १८७३ मध्ये हेन्री सलिव्हन टॉमस यांनी ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथात महसीराचा गौरव केला. धरणे झाली, नद्या आटल्या, मासा घटू लागला. तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपन्यांच्या केंद्रात डॉ. चं. वि. कुळकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या माशाच्या कृत्रिम पैदाशीत यश मिळविले. तेथील पिले दूरदूरच्या पाण्यात सोडण्यात आली. कावेरीतही ती गेली. सर्वांनी यात पुण्यकर्मच पाहिले.

कावेरीकाठच्या शिबिरात मासा धरून सोडून देण्याचा नियम होता, आणि प्रत्येक माशाची नोंद ठेवली जात असे. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदींत सहा हजारांहून अधिक महसीर आहेत. शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला : बाहेरून आलेला महसीर वाढत गेला होता आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०१८ मध्ये या माशाची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. ज्या वह्या हौसेखातर भरल्या, त्यांनीच सद्हेतूने घडलेली चूक उघडकीस आणली.

हा इतिहास ध्यानात घेऊन पुन्हा हजीऱ्याकडे पाहिले, तर स्पर्धा भरविणाऱ्याची खरी कसोटी कळते. पाणी कोणाचे, हा पहिला प्रश्न आहे. हजीऱ्यात कारखाने आले, बंदर उभे राहिले. समुद्राकडे जाण्याच्या वाटेसाठी आणि उपजीविकेसाठी हजीरा मच्छीमार समितीला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. लवादाच्या पुणे खंडपीठाने २०१६ मध्ये तिच्या गाऱ्हाण्याची दखल घेऊन पर्यावरणाच्या पुनःस्थापनेसाठी २५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या काठावर एखाद्याला आपल्या नित्याच्या वाटेसाठी भांडावे लागते, तेथे पाहुण्यांच्या संघांसाठी विभाग आखताना त्याला आधी विचारणे हा साधा न्याय आहे. भरतीची वेळ, गाळाची जागा, मासा कोणत्या महिन्यात अंड्यावर असतो, हे त्याच्याइतके अन्य कोणास ठाऊक असणार? निरीक्षकाची वही त्याच्याच हाती दिली, तर स्पर्धा संपल्यावर चषक विजेत्यांच्या घरी जाईल आणि वही नदीच्या कामी येईल.