१९९७ : महाराष्ट्राने राष्ट्रपती निवडला त्या चार दिवसांत



राष्ट्रपतीपदावर आपल्या समाजाचा माणूस बसला की आनंद साजरा करायचा की नाही, असा प्रश्न बोरीवलीतल्या बैठकांमध्ये तरुण आम्हाला हमखास विचारतात. आम्ही त्यांना जुलै १९९७ चा हिशेब मांडायला सांगतो.

शुक्रवार, ११ जुलै. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी लोकांना दिसला. वस्ती रस्त्यावर उतरली. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि आपले दहा जण मारले गेले. मधे शनिवार-रविवार. सोमवारी, १४ जुलैला, देशाच्या राष्ट्रपतीपदासाठी आमदार-खासदारांनी मतदान केले.

एका बाजूला के. आर. नारायणन, केरळमधल्या गरीब दलित कुटुंबातले. दुसऱ्या बाजूला माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन. काँग्रेस, संयुक्त आघाडी आणि भाजप नारायणन यांच्या मागे होते. मोठ्या पक्षांपैकी शेषन यांच्यामागे उभी राहिली ती एकटी शिवसेना.

निकाल एकतर्फी लागला. नारायणन यांना ९,५६,२९० मतमूल्य, शेषन यांना ५०,६३१. शेषन यांची अनामत जप्त झाली. योगायोग पाहा, महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५, म्हणजे २८८ आमदारांचे मिळून ५०,४००. शेषन यांना अख्ख्या देशातून जेवढे मिळाले, जवळपास तेवढेच.

यावरून सोपा निष्कर्ष निघतो : सेना विरोधात, बाकीचे आपले. आम्हाला हा निष्कर्ष मान्य नाही. राज्यात तेव्हा युतीचे सरकार होते. मुख्यमंत्री सेनेचे मनोहर जोशी, पण गृहखाते भाजपचे उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्याकडे. ज्या पक्षाच्या हाती पोलीस होते, तोच पक्ष सोमवारी दलित राष्ट्रपतीच्या बाजूने होता. दिल्लीत नारायणन यांना मत देणे आणि घाटकोपरमध्ये वस्तीला न्याय देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला काही किंमत मोजावी लागत नाही.

आता ते १७५ कुठून आले तेही बघा. १९७१ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या भागिले २८८, भागिले एक हजार. म्हणजे आमदाराच्या मताचे वजन आपल्या डोक्यांवरून ठरते. झोपडपट्टीतला माणूसही त्या बेरजेत आहे (१९७१ नंतर जन्मलेला तर तेवढाही नाही). मत मात्र आमदाराचे, तेही गुप्त. पक्षादेश काढता येत नाही, कोणी कोणाला मत दिले हे विचारताही येत नाही.

नारायणन यांच्या योग्यतेबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा केंद्राचा प्रस्ताव त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवला. तिथे तो अधिकार त्यांच्या हातात होता. रमाबाई नगरचा तपास आणि खटला राज्य सरकारच्या हातात होता.

२५ जुलैला, गोळीबारानंतर पंधरवड्याने, नारायणन यांनी शपथ घेतली. गोळीबाराचा आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.