पाऊणशे रुपयांपासून तासिकेपर्यंत : महाविद्यालयीन जीवशास्त्र-अध्यापकाचे वेतन आणि स्थानिक निर्वाहखर्च

महाविद्यालयीन अध्यापकाच्या वेतनाचा इतिहास आपल्याकडे बहुधा वेतन आयोगांचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. समिती, शिफारस, वेतननिश्चिती आणि थकबाकी या क्रमात एक साधा प्रश्न मागे पडतो. अध्यापक ज्या गावी राहतो, त्या गावातील घरभाडे, धान्य, दूध आणि प्रवास यांच्याशी त्याच्या वेतनाचा संबंध केव्हा व कसा जोडला गेला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला असून जीवशास्त्राचा अध्यापक मुद्दाम समोर ठेवला आहे. त्याचे काम वर्ग आणि प्रयोगशाळा असे दोन ठिकाणी विभागलेले असते, आणि वेतन ठरविणाऱ्यांनी या दोन कामांकडे सारख्या नजरेने क्वचितच पाहिले आहे.

व्रताचे वेतन, वर्णाचे वेतन

१८८५ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने विलक्षण ठरते. त्या वर्षाच्या आरंभी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करावयाची, असा तिचा पाया होता. गोखले, कर्वे यांच्या चरित्रांतून परिचित झालेला दरमहा ७५ रुपयांचा आकडा याच व्यवस्थेतला. हे वेतन बाजारभावावरून ठरलेले नव्हते; ते व्रताचे परिमाण होते. तथापि व्रत घेतलेल्यांनाही पुण्यातच संसार करावयाचा होता. वेतनवाढ द्यावी की नाही आणि सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, यावर संस्थेत तीव्र मतभेद झाले व टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले. हा वाद आपण आगरकर-टिळक यांच्यातील विचारभेद म्हणून वाचतो, आणि ते चुकीचे नाही. परंतु ‘निर्वाहापुरते’ म्हणजे किती, हा अगदी व्यावहारिक प्रश्नही त्याच्या मुळाशी होता, याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

त्याच १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात जगदीशचंद्र बोस रुजू झाले. नेमणूक भौतिकशास्त्राची होती. वनस्पतींच्या प्रतिसादावरील त्यांचे कार्य पुढचे. सरकारी शिक्षणखात्यात भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या वेतनाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. बोसांची नेमणूक हंगामी असल्याने त्याचेही निम्मे, म्हणजे एक-तृतीयांशच हाती पडणार होते. त्यांनी तीन वर्षे शिकविले, पण पगार स्वीकारला नाही. अखेरीस त्यांना पूर्ण वेतन फरकासह मिळाले आणि त्या रकमेतून वडिलांचे कर्ज फेडण्यास हातभार लागला. या प्रसंगातील स्वाभिमानाची बाजू सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाला अधिक उपयोगी आहे तो एक तपशील. कलकत्त्यातील भाडे परवडत नसल्याने बोस दांपत्याने हुगळीकाठी चंदननगरला घर घेतले, आणि तेथून होडीने नदी ओलांडून कामावर जाण्याचा क्रम सुरू झाला. शहरातील निर्वाहखर्च व प्रत्यक्ष मिळकत यांतील अंतर अध्यापकाने स्वतः वल्ही मारून कापले. पुढे १८९० च्या दशकात शिक्षणसेवेची इंपीरियल व प्रांतिक अशी विभागणी झाली आणि हा भेद नियमबद्धच झाला.

वर्णभेदावर आधारलेल्या या श्रेणीला छेद दिला तो देणगीदारांनी. रासबिहारी घोष यांच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात निर्माण झालेली अध्यासने भारतीयांसाठीच होती. वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनावर मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांची नेमणूक झाली. तत्पूर्वी त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविले होते, आणि त्याच सुमारास पश्चिम घाटातील गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश आढळला होता. मराठी मुलखातील जीवशास्त्रज्ञाला स्थिर पद मिळण्यासाठी बंगालमधील एका वकिलाची देणगी कारणीभूत व्हावी, हे आपल्या प्रांतातील संस्थांच्या सांपत्तिक स्थितीवर पुरेसे भाष्य आहे.

निर्देशांकाचा जन्म

निर्वाहखर्च मोजण्याची पद्धतशीर सुरुवात मुंबईतच झाली. परंतु ती अध्यापकांसाठी झाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात किमती भडकल्या आणि १९२० पर्यंत मुंबईच्या कामगाराचा खर्च १९१४ च्या तुलनेत दुपटीच्या जवळ गेला. गिरण्यांत संप झाले. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस स्थापन केले, आणि जुलै १९१४ = १०० हा पाया धरून कामगारवर्गाचा निर्वाहखर्च-निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. गिरणीकामगाराच्या ताटातील धान्य, डाळ, इंधन, कापड आणि खोलीचे भाडे हे त्याचे घटक होते. पुस्तके, नियतकालिके किंवा मुलाला शिक्षणासाठी परगावी ठेवण्याचा खर्च त्यात शोधूनही सापडणार नाही. तरीही पुढे महागाई भत्त्याचे सारे गणित याच कुळातील निर्देशांकावर उभे राहिले. आपला भत्ता संपकरी कामगारांच्या लढ्यातून जन्मलेल्या मोजपट्टीने मोजला जातो, ही गोष्ट प्राध्यापकवर्गाने विसरू नये असे वाटते.

खाजगी महाविद्यालयांत मात्र स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ ही मोजपट्टी नीट लागू नव्हती. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठीय व्याख्यात्यासाठी ३०० ते ६०० रुपयांची श्रेणी सुचविली. संलग्न महाविद्यालयांतील व्याख्यात्यासाठी सुचविलेली श्रेणी त्याहून कमी होती. एकाच शहरात, एकाच भाजीबाजारात जाणाऱ्या दोघांसाठी आयोगानेच दोन भाव ठरविले. शिवाय एप्रिलमध्ये सेवा खंडित करून जूनमध्ये नव्याने नेमणूक देण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. सुट्टीत दुकानदाराची उधारी थांबत नसे, पगार थांबे.

श्रेणी आणि सरासरी

खरा बदल झाला तो १ जानेवारी १९७३ पासून लागू केलेल्या ७००-१६०० या श्रेणीने. त्यानंतर १९८६ मध्ये २२००-४०००, १९९६ मध्ये ८०००-१३५००, २००६ मध्ये १५६००-३९१०० व त्यावर ६००० रुपये श्रेणीवेतन, आणि २०१६ पासून आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये, असा हा प्रवास आहे. आकडे वाढत गेले म्हणून क्रयशक्ती त्याच प्रमाणात वाढली असे मानण्याचे कारण नाही. उदाहरणार्थ, १९८६ नंतरच्या केंद्रीय सूत्रानुसार मूळ वेतन ३५०० रुपयांपर्यंत असेल तरच भाववाढीची पूर्ण भरपाई मिळे. त्यापुढे ६००० पर्यंत ती ७५ टक्के व त्याहून वर ६५ टक्के होती. म्हणजे सेवाज्येष्ठता वाढली की महागाईपासूनचे संरक्षण पातळ होई. हा उतार पाचव्या वेतन आयोगाने १९९६ पासून काढून टाकला.

मात्र भरपाई पूर्ण झाली ती देशाच्या सरासरीची. अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकासाठी १९८२ च्या मालिकेत ७० केंद्रे होती, २००१ च्या मालिकेत ७८ झाली आणि २०१६ च्या मालिकेत ८८. २००१ च्या मालिकेत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक व सोलापूर यांचा समावेश होता. सावंतवाडी किंवा गडचिरोली येथील अध्यापकाचा भत्ता त्याच्या गावात कधीही न नोंदविलेल्या किमतींवरून ठरत आला. वेतनात ‘स्थानिक’ म्हणता येईल असा घटक उरतो तो घरभाडे भत्त्याचा. तोही भाडे पाहत नाही, डोकी मोजतो. केंद्राच्या वर्गवारीत ५० लाखांवर लोकसंख्या असेल तर ‘एक्स’, ५ ते ५० लाख असेल तर ‘वाय’ आणि त्याखाली ‘झेड’. पुणे ‘एक्स’ वर्गात आले ते १ एप्रिल २०१५ पासून, २०११ च्या जनगणनेच्या आधारे. पुण्यातील भाडी जनगणनेची वाट पाहत थांबली नव्हती, हे सांगावयास नको. औद्योगिक वसाहतीमुळे वा पर्यटनामुळे ज्या लहान गावांत भाडी चढली, तेथील अध्यापकांसाठी तर या वर्गवारीत जागाच नाही.

प्रयोगशाळेतील तास

जीवशास्त्राच्या विभागात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र यांच्या प्रयोगशाळांचा भार पूर्वी डेमॉन्स्ट्रेटर सांभाळीत. १९७३ च्या योजनेत त्यांना ५००-९०० ही श्रेणी मिळाली. १९८६ मध्ये १७४०-३००० ही श्रेणी देताना ती तेव्हा पदावर असलेल्यांपुरतीच ठेवली गेली, आणि पुढे हे पद क्रमशः नाहीसे झाले. काम नाहीसे झाले नाही. नमुने गोळा करणे, काचपट्ट्या रंगविणे, पावसाळ्यात ताजी शैवाले व नेचे आणून ठेवणे, वनस्पतिसंग्रह कीटकांपासून जपणे हे सारे व्याख्यात्याकडे आले. वेळापत्रकात त्याला रकाना नाही. मे २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कार्यभाराचे तास वाढविले आणि प्रात्यक्षिकाचे वजन व्याख्यानाच्या निम्मे धरले, तेव्हा देशभर विरोध झाला व तासवाढ त्याच वर्षी मागे घ्यावी लागली. निम्म्या वजनाची कल्पना मात्र निराळ्या वाटेने टिकून आहे, आणि तिचा फटका तासिका तत्त्वावरील अध्यापकाला बसतो. त्याच्या प्रात्यक्षिकाचा दर व्याख्यानाच्या दराहून कमी असतो, आणि जीवशास्त्राच्या कार्यभारात प्रात्यक्षिकांचाच वाटा मोठा.

२०१९ मध्ये आयोगाने अतिथी अध्यापकांसाठी प्रतिव्याख्यान १५०० रुपये व दरमहा कमाल ५०,००० रुपये अशी मर्यादा ठरविली. महिन्याला ३३ व्याख्याने, म्हणजे आठवड्याला सुमारे आठ, झाली की ही मर्यादा गाठली जाते. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचा साप्ताहिक अध्यापनभार १६ तासांचा आहे. कमाल रक्कमही त्याच्या आरंभीच्या मूळ वेतनाहून कमी, आणि महाराष्ट्रातील तासिकेचे शासकीय दर तर या दराच्याही खाली राहिले. त्यात महागाई भत्ता नाही, घरभाडे भत्ता नाही, सुट्टीचे वेतन नाही. पन्नास वर्षांच्या खटपटीने वेतन आणि निर्देशांक यांच्यात जो दुवा, सरासरीचा का होईना, निर्माण झाला होता, तो या अध्यापकापुरता अस्तित्वातच नाही. फर्ग्युसनच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतन समजून उमजून पत्करले होते, आणि संस्थेच्या कारभारात त्यांना मत होते. तासिकेवरील अध्यापकाने असे कोणतेही व्रत घेतलेले नाही आणि त्याला मतही नाही. सकाळी एका तालुक्यात व दुपारी दुसऱ्या तालुक्यात प्रात्यक्षिके घेण्यासाठी तो एस.टी.ने जे अंतर कापतो, त्याचे बोसांच्या होडीशी नाते आहे. फरकाची एकरकमी भरपाई मात्र त्याच्या वाट्याला येण्याची चिन्हे नाहीत.

या विषयाचा स्थानिक इतिहास लिहिण्यासाठी साधने दूर नाहीत. जुन्या महाविद्यालयांच्या दप्तरांत पगारपत्रके असतात, आणि बहुतेक ठिकाणी त्याच दप्तरात वसतिगृहाच्या खाणावळीचे मासिक दरही नोंदलेले असतात. ही दोन्ही एकाच गावची, एकाच महिन्याची असतात. व्याख्यात्याच्या एका पगारात खाणावळीचे किती महिने निघत, हे दर दशकासाठी काढता येईल, आणि ते कोणत्याही अखिल भारतीय सरासरीपेक्षा त्या गावाच्या अधिक जवळचे असेल. दप्तरे रद्दीत जाण्यापूर्वी इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी हे काम हाती घ्यावयास हवे. प्राणिशास्त्र विभागाच्या जडसंग्रह नोंदवहीत स्पिरिट व फॉर्मेलीनच्या बाटल्यांचे भावही मिळतील, ते जोडीला घ्यावेत.