मोहोळ आणि मधपेटी

मिसरोदहून नर्मदापुरमच्या रस्त्याने पुढे गेले की भीमबेटका लागते. नीमचमध्ये जन्मलेल्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली तेथील शैलाश्रये उजेडात आणली. त्यांतील चित्रांत मध काढणारी माणसेही आहेत. कड्यावरचे आग्या मोहोळ पेटीत नांदत नाही. धूर करूनच पोळे उतरवायचे. ते पिळताना मधाबरोबर अळ्याही चिरडत. सातेरी माशी मात्र ढोलीत राहणारी, म्हणून पेटीतही रमते. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांना सुट्या चौकटींची युक्ती सापडली. तशाच पेट्यांत पुढे महाबळेश्वरकडे सातेरी पाळली गेली. चौकट मधयंत्रात फिरवली, की पोळे न मोडता मध निघतो. तरी सगळाच मध काढला, तर पावसाळ्यात माशी उपाशी मरते. तिचा वाटा आजही माणसानेच राखायचा आहे.