हलव्याची बासरी : लेकरांच्या फोटोचा थोडा इतिहास

मित्रहो, आणि उजव्या हाताला लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या माउल्यांनो,

किन्हीराजाला आम्ही यायचं ठरलं तेव्हा विषय वेगळा होता. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा, म्हणजे आपलं वाशीम, यावर बोलावं असं संयोजकांच्या मनात होतं. पण आज सकाळी ज्या घरी चहाला गेलो, तिथं ओसरीत आम्हाला एक छोटी बाज दिसली. वीतभर रुंद, हातभर लांब, सुतळीनं विणलेली. बाजूला लोकरीच्या टोपड्यांचा ढीग, एक टोपलं आणि काथ्याचं घरटं. भातुकली म्हणावी तर घरात खेळण्याच्या वयाचं कुणी नाही. विचारलं तर कळलं, त्या घरची सून फोटोग्राफर आहे. नवजात बाळांचे फोटो काढते आणि बाळाला निजवायचं हे सगळं सामान स्वतःच्या हातानं करते. ‘प्रॉप’ म्हणतात त्याला, ती म्हणाली. आम्ही लगेच संयोजकांना सांगितलं, वाकाटक दीड हजार वर्षं थांबलेत, अजून थोडं थांबतील. आज यावरच बोलू.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? ही तर मोबाइलवर बघून आलेली टूम. काही अंशी खरं आहे. बाळ पानाफुलांत, कुंडीत ठेवून फोटो काढायची पद्धत जगभर पसरली ती मुख्यतः अ‍ॅन गेडीस या बाईंमुळं. त्यांचं ‘डाउन इन द गार्डन’ हे पुस्तक 1996 सालचं. पण लेकराला कशावर तरी बसवायचं, काहीतरी घालायचं, हातात काहीतरी द्यायचं आणि मग त्याची छबी धरायची, ही गोष्ट फार जुनी आहे. आणि आपल्याकडं तिची स्वतःची वाट आहे.

फोटोची कला 1839 मध्ये पॅरिसला जाहीर झाली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 साली. तिच्या आरंभीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढं मुंबईचे नामांकित फोटोग्राफर झाले. म्हणजे ही विद्या मराठी मुलखात आली ती डॉक्टर आणि शिकलेल्या लोकांच्या हातानं, हे लक्षात ठेवा.

पण त्या काळच्या फोटोत तान्ही लेकरं फार कमी दिसतात. कारण साधं आहे. ओल्या काचेवर फोटो घ्यायचा तर कित्येक सेकंद हलायचं नाही. मोठ्या माणसाच्या मानेमागं लोखंडी टेकू लावत, तो फोटोत दिसत नसे. तान्ह्या लेकराला कुठला टेकू लावणार? विलायतेत त्यावर एक उपाय काढला होता. आईनं खुर्चीत बसायचं, बाळ मांडीवर घ्यायचं आणि आईच्या अंगावर डोक्यापासून पडदा टाकायचा. फोटोत दिसायचं ते फक्त बाळ आणि त्याच्यामागं एक विचित्र आकाराची कापडाची खुर्ची. असे फोटो आज संग्रहांत पुष्कळ सापडतात. बघताना प्रथम हसू येतं आणि मग येत नाही.

आपल्याकडं बायकांची अडचण आणखी निराळी. परक्या पुरुषासमोर बसायचं कसं? राजा दीनदयाळ हे निजामाचे फोटोग्राफर. त्यांनी 1892 मध्ये हैदराबाद-सिकंदराबादकडं खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार 1853 पासून इंग्रजांकडं असला, तरी कागदोपत्री मुलूख निजामाचाच होता. म्हणजे आपल्याच धन्याच्या राजधानीत हे चाललं होतं. पण किन्हीराजाच्या शेतकऱ्याच्या बायकोला त्याचा काय उपयोग!

दुसरी अडचण भीतीची. यात दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांना आपण सिनेमाचे जनक म्हणतो, पण त्याआधी ते पोटासाठी फोटो काढणारे होते. जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्याला फोटोचा धंदा टाकला. तिथं प्लेगात त्यांची पहिली बायको आणि मूल गेलं. परत बडोद्याला येऊन पुन्हा धंदा मांडला, तर लोकांत बोलवा अशी की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, आयुष्य कमी होतं. धंदा बसला. मग फाळके काय करू लागले? नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले.

इथं जरा थांबू या. फोटो स्टुडिओतला मागचा पडदा आणि नाटकाचा पडदा ही सख्खी भावंडं आहेत. तोच राजवाडा, तोच जिना, तीच बाग आणि ते कमळांचं तळं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हेही नाटकाच्या पडद्यांपासूनच सिनेमाकडं गेले. आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी जे स्टुडिओ होते, तिथं मागं असाच एक जिना रंगवलेला असे. त्या जिन्यावरून कुणी कधी वर गेलं नाही. पुढ्यात उंच तिवई, तिच्यावर कागदी फुलं. धोतरातला शेतकरी त्या तिवईवर कोपर टेकून असा उभा राही, की जणू रोज तो तिथंच टेकतो. हे सामान त्या माणसाचं नव्हतं, स्टुडिओवाल्याचं होतं. सगळ्या गावाला तोच जिना.

फाळक्यांकडं परत येऊ. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. ती तेव्हा सातेक वर्षांची. सिनेमाच्या सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्यानं निरनिराळे भाव दाखवते आणि मग कृष्णाच्या वेषात दिसते. आधी लेकरू, मग देव. जिचा बाप एकदा मुलाला मुकलेला आहे, ती मुलगी त्याच्या कॅमेऱ्यासमोर उभी आहे, हे मनात ठेवून तो भाग बघा. इंटरनेटवर मिळतो.

आणि लेकराला कृष्ण करायचं हे काही फाळक्यांनी शोधलेलं नाही. ते आपल्या घराघरांत होतं. आता आम्ही मुद्द्यावर येतो.

बोरन्हाण. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं घालायचं, अंगावर हलव्याचे दागिने, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि आजूबाजूच्या पोरांनी ते लुटायचे. हलवा करणं म्हणजे काय हे आज पुष्कळांना माहीत नसेल. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, खाली अगदी मंद आच. एकतारी पाक चमचाभर घालायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. सुकला की पुन्हा चमचाभर. असं दोन-दोन, तीन-तीन दिवस. थंडी चांगली असेल तर दाण्याला काटा येतो, हवा दमट असली की गुळगुळीत राहतो आणि सासू तोंड फिरवते. मग तो हलवा दोऱ्यात ओवायचा, पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून त्यावर बसवायचा. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, आणि मुलगा असो की मुलगी, हातात बासरी.

आता सांगा, हा ‘प्रॉप’ नाही तर काय? हातानं केलेला, एकाच लेकरासाठी, एकाच दिवसासाठी, आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांच्या आधी खाऊन संपवायचा. स्टुडिओचा जिना शंभर गिऱ्हाइकांना चाले, ही बासरी दुसऱ्या बाळाला चालत नाही. ज्यांना परवडे ते बोरन्हाणाच्या दिवशी बाळाला याच वेषात स्टुडिओत घेऊन जात. मराठी घरांतल्या जुन्या अल्बममध्ये लेकराचा पहिला फोटो पुष्कळदा हाच सापडतो. बारशाचा सापडत नाही. बाळंतिणीची खोली, धुरी-शेगडी, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, तिथं कॅमेरा जाणार कुठून? शिवाय म्हातारी दारात बसलेली, “लेकराचा फोटू नोको काढू बापा, नजर लागते.” आम्ही यात केवळ अंधश्रद्धा पाहत नाही. ज्या घरात चार लेकरांतली दोन जायची, तिथं बाळाकडं लक्ष वेधणं हाच धोका वाटायचा. गालाला तीट लावायची ती रूप बिघडवायलाच ना?

मग बदललं काय? आज फोटोग्राफरच बाळंतिणीच्या खोलीत येते, आणि ‘येते’ म्हणताना स्त्रीलिंग महत्त्वाचं आहे. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ पोटात होतं तसं गुंडाळून, गाढ निजतं. फोटोला तेच दिवस चांगले, म्हणजे नेमके आपल्या रिवाजातले दार लावून घ्यायचे दिवस. या सूनबाई आम्हाला म्हणाल्या, आजी लोकांना पटवायला सोपा मार्ग सापडला. नवं कापड त्या नेतच नाहीत. आपल्याकडं तान्ह्याला आधी जुनंच कापड घालतात, शंभर धुण्यांनी मऊ झालेलं. त्या घरच्याच आजीचं जुनेर मागून घेतात, तेच टोपल्यात अंथरतात. ज्या म्हातारीनं दार अडवलं असतं, तीच मग ट्रंक उघडून बसते.

आम्ही भाबडेपणानं म्हणालो, म्हणजे हातानं केलेलं ते चांगलं आणि विकत आणलेलं वाईट. त्यांनी आमची चूक काढली. हातानं केलेलंही वाईट असू शकतं. लोकरीचा धागा सुटून बाळाच्या बोटाला गुंडाळला तर? टोपलं हलकं असलं तर कलंडतं, म्हणून तळाशी वजन घालावं लागतं. काथ्या टोचतो, म्हणून वर चार पदर. बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडतो. खोली गरम हवी. आणि बाळ दोन्ही हातांवर हनुवटी ठेवून बसलंय असा जो फोटो सगळ्यांना हवा असतो, तो खरा नसतोच. एकदा डोकं कुणीतरी धरायचं, एकदा हात धरायचे, दोन फोटो जोडायचे आणि धरणाऱ्याचा हात संगणकावर पुसायचा. काही ठिकाणी न जोडताच बाळाला तसं बसवायचा प्रयत्न होतो असं त्यांनी ऐकलंय. त्या करत नाहीत. गिऱ्हाईक गेलं तर गेलं म्हणतात. हा धंदा गावात नवा आहे, एकेक गिऱ्हाईक मोलाचं आहे, तरी.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं. रोलाँ बार्त या फ्रेंच विचारवंताचं फोटोवरचं पुस्तक 1980 साली निघालं. आई गेल्यावर तो तिच्या फोटोंत तिला शोधत राहतो आणि ती त्याला सापडते ती पाच वर्षांची असतानाच्या एका फोटोत. तो फोटो मात्र त्यानं पुस्तकात छापला नाही. तुम्हाला तो एक साधा फोटो दिसेल, म्हणाला. वर्गात हे शिकवताना आम्हाला नेहमी आमच्या घरचा एक फोटो आठवे, आणि आम्हीही तो कधी दाखवला नाही.

आमच्या आधी आमची एक बहीण होती. तिच्या पहिल्या संक्रांतीला आईवडील तिला दमणीतून आणि मग मोटारीतून अकोल्याला घेऊन गेले. तेव्हा हा सगळा भाग अकोला जिल्ह्यातच, वाशीम वेगळं झालं ते 1998 साली. वाटेत हलव्याची बासरी मोडली. स्टुडिओवाल्याकडं लाकडी बासरी होती, ती तो देत होता. आई नको म्हणाली. तिनं केसांतला आकडा काढून दोन तुकडे जोडले, वरून दोरा गुंडाळला. त्याच पावसाळ्यात बहीण तापानं गेली. तिचा तो एकच फोटो. पत्त्याच्या पानाएवढा. ऐन वेळी ती हलली, त्यामुळं चेहरा पुसट आला आहे आणि बासरी लख्ख. आकडासुद्धा दिसतो. आई त्या फोटोला कधी ‘ताईचा फोटो’ म्हणाली नाही, ‘बासरीचा फोटो’ म्हणायची.

तो आमच्या पाकिटात असतो. आज सकाळी, का कोण जाणे, आम्ही तो सूनबाईंना दाखवला. त्यांनी खिडकीपाशी नेला, भिंग लावलं. आम्हाला वाटलं, बासरीबद्दल काही म्हणतील. त्या म्हणाल्या, “सर, लेकरू बसलेलं नाही, धरलेलं आहे.” काळ्या झबल्याच्या कडेला, पाटावरच्या काळ्या कापडातून दोन बोटं आली आहेत, आणि त्यांच्यामागं एका काकणाची कड. आई मागं कापडाखाली बसली होती. तिनं हे आम्हाला कधी सांगितलं नाही आणि साठ वर्षं तो फोटो पाहूनही आम्हाला ते दिसलं नाही.

फोटो इथं आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना बघायचा असेल त्यांनी पुढं यावं, भिंग त्यांच्याकडून मागून आणलं आहे.