तहकुबी, सूट आणि अभय : बुटीबोरीच्या मातीतून सरकारी देण्याचा इतिहास

१/ नागपूरहून वर्ध्याकडे निघाले की वाटेत बुटीबोरी लागते. आज हे नाव उच्चारताच औद्योगिक वसाहत, कारखान्यांच्या भिंती आणि मालमोटारींच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. परंतु हाच परिसर कधीकाळी ज्वारी-कापसाचा मुलूख होता आणि येथील माणसापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहत असे : पीक गेले, आता सरकारचे देणे कोठून द्यावे? आजचा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी. 🧵

२/ या प्रश्नासाठी मराठीत फार जुने शब्द आहेत. ‘तहकुबी’ म्हणजे वसुली पुढे ढकलणे आणि ‘सूट’ म्हणजे देणेच सोडून देणे. बी-बियाणे आणि बैलांसाठी सरकारने दिलेले कर्ज ती ‘तगाई’. उजाड गाव पुन्हा वसवताना पहिल्या वर्षी अल्प आकार घ्यायचा व तो वर्षागणिक वाढवीत न्यायचा, तो ‘इस्तावा’. मराठी राज्यकारभारात हे सर्व उपाय रूढ होते.

३/ यामागे केवळ दयाबुद्धी नव्हती, रोकडा हिशेबही होता. त्या काळी जमीन मुबलक आणि कसणारे हात थोडे. फार ताणले तर रयत रातोरात दुसऱ्याच्या मुलखात निघून जाई आणि पुढच्या वर्षीचा वसूल शून्यावर येई. रयत टिकली तर महसूल टिकेल, हे राज्यकर्त्यांस अनुभवाने ठाऊक होते.

४/ भोसल्यांच्या नागपूर राज्यात वसुलाची बोलणी गावच्या पाटलाशी होत. १८१८ नंतर अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स कारभार पाहू लागला. या मुलखाच्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन त्याच्या १८२७ च्या अहवालात आढळते. डिसेंबर १८५३ मध्ये रघूजी निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली.

५/ पुढे १८६० च्या दशकातील जमाबंदीने मोठी उलथापालथ केली. वसूल गोळा करून भरणाऱ्यास, म्हणजे मालगुजारास, गावाची मालकी मिळाली. मालगुजारांत जुने पाटील होते, तसे नागपूरचे सावकारही होते. बुटी हे त्यांपैकीच एक प्रसिद्ध सावकार-मालगुजार घराणे. बोरी या गावनावाआधी लागलेला ‘बुटी’ हा शब्द त्यांच्याशीच जोडला जातो.

६/ या रचनेत एक पेच दडलेला होता. सरकारास महसूल देणारा मालगुजार, तर मालगुजारास खंड देणारे कूळ. सरकारने मालगुजाराला तहकुबी दिली आणि त्याने कुळाकडून खंड मात्र पुरता वसूल केला, तर सवलत कोणाची झाली? सूट वरच्या पायरीवर मिळते आणि खालच्या पायरीवर विरून जाते. सवलतीच्या प्रत्येक इतिहासात हा प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढतो.

७/ १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नागपूर जिल्ह्याची नवी जमाबंदी झाली. ते काम पाहणारे अधिकारी रेजिनाल्ड क्रॅडॉक पुढे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर झाले. जमाबंदीची शाई वाळते न वाळते तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्यातून सावरण्याआधी १८९९-१९०० चा. महसुलाचा आकडा अनेक वर्षांसाठी बांधलेला. पाऊस मात्र कोणत्याही कराराने बांधलेला नव्हता.

८/ रमेशचंद्र दत्त यांनी १९०० मध्ये लॉर्ड कर्झन यांना उघड पत्रे लिहिली आणि मध्य प्रांतातील वाढीव आकारणीवर थेट बोट ठेवले. १९०२ मध्ये सरकारने महसूल धोरणाचा विस्तृत ठराव काढून आपली बाजू मांडली. दुष्काळाचे खरे कारण आकारणी नव्हे, असे सरकारचे म्हणणे होते. तरीही आकारणीत लवचिकता हवी, हे त्याच सरकारास मान्य करावे लागले.

९/ १९०१ च्या दुष्काळ आयोगाने नेमके मर्म सांगितले : सवलत द्यायची तर वेळेवर द्या आणि लोकांना आधी कळू द्या. कारण उघड आहे. तहकुबीचा हुकूम येईपर्यंत शेतकऱ्याने सावकाराकडून उचल केलेली असते, नाहीतर बैल विकलेला असतो. मग कागदावरील सवलतीने गोठ्यातील बैल परत येत नाही. १९०५ मध्ये तहकुबी आणि सूट यांविषयी भारत सरकारचा स्वतंत्र ठराव निघाला.

१०/ आता मोजमापाचा प्रश्न. पीक बुडाले हे ठरवायचे कसे? उत्तर होते ‘आणेवारी’ : पूर्ण पीक १६ आणे मानून यंदाचे पीक किती आणे आले, ते पाहायचे. मुंबई इलाख्याच्या नियमानुसार पीक ४ आण्यांहून अधिक नसेल तर त्या वर्षाची पूर्ण तहकुबी मिळे. १९१८ चा खेडा सत्याग्रह याच आकड्यावर उभा राहिला. रयत म्हणे पीक ४ आण्यांच्या आत, सरकार म्हणे वर. अखेरीस सधनांनी सारा भरावा आणि गरिबांना तहकुबी मिळावी, यावर तो मिटला.

११/ महसूल थकला नाही, तरी तो भरण्यासाठी काढलेले सावकारी कर्ज थकत असे. दख्खनमध्ये १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ चा शेतकरी संरक्षण कायदा आला. नागपूर ज्या मध्य प्रांतात होते, तेथे १९३३ मध्ये कर्ज-तडजोड कायदा झाला. धनको आणि ऋणको यांना मंडळापुढे बसवून, देणे ऋणकोच्या ऐपतीत आणून हप्ते बांधायचे, ही त्यामागील कल्पना. ऐपत पाहून हप्ता, हे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत उतरले.

१२/ ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. आण्यांची जागा पैशांनी घेतली, आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. आजही खरिपाची नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम पैसेवारी जाहीर होते. विदर्भात अंतिम आकडा ३१ डिसेंबरपर्यंत येतो. तो ५० पैशांच्या आत असेल तर महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्काची माफी असे उपाय लागू होतात.

१३/ दरम्यान बुटीबोरीच्या शिवारात कारखाने उभे राहिले. देणेकरी बदलला : मालगुजाराच्या कुळाऐवजी विक्रीकराची नोटीस हाती धरलेला लघुउद्योजक आला. त्याच्यासाठीचा शब्द ‘अभय’. राज्याच्या २०२२ च्या योजनेत जीएसटीपूर्व करांची वर्षाला १० हजारांपर्यंतची थकबाकी माफ झाली; २०२३ मध्ये ही मर्यादा २ लाखांवर गेली. त्याहून मोठ्या, पण ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीस २० टक्के भरून मोकळे होण्याचा मार्ग ठेवण्यात आला.

१४/ तहकुबी आणि अभय यांत एक मूलभूत भेद आहे. तहकुबी विचारते, ‘यंदा तुझ्यावर काय संकट आले?’ अभय विचारते, ‘तुझी थकबाकी किती जुनी आणि किती मोठी?’ पहिल्यात विपत्तीची दखल आहे, दुसऱ्यात दप्तर मोकळे करण्याची निकड. म्हणूनच अभय योजनेवर एक रास्त आक्षेप येतो : ज्याने दागिने मोडून वेळेवर कर भरला, त्याच्या पदरी काय?

१५/ ऐपत पाहून मुदत देण्याची जुनी रीत मात्र लोपलेली नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २२० मध्ये मुदतवाढ किंवा हप्ते मागण्याची सोय होती. पण अर्ज मागणीची मुदत, म्हणजे सामान्यतः ३० दिवस, संपण्याआधी करावा लागे. सोय होती, पण ती मागणाऱ्यासाठीच होती. नोटीस पाहून घाबरून ती कपाटात ठेवणाऱ्याच्या वाट्याला व्याज आणि जप्तीच येई.

१६/ दोन शतकांचा हा प्रवास तीन कसोट्या शिकवतो. सवलत बैल विकण्याआधी पोहोचते का? ती खरोखर भार वाहणाऱ्यापर्यंत झिरपते का? आणि ती मिळवण्याची वाट सामान्य माणसाला ठाऊक असते का? कर हा राज्याचा हक्क खरा. परंतु देणारा मोडून पडला तर त्या हक्काला वसुलीचे शेतच उरत नाही. हे पूर्वीच्या राज्यकर्त्यांस रिकाम्या गावांनी शिकवले होते. बंद पडलेल्या कारखान्याचे कुलूप आज तोच धडा देते.

(समाप्त) आपल्या गावच्या जुन्या कागदपत्रांत तहकुबी, सूट वा तगाईचे उल्लेख आढळले असतील, तर खाली अवश्य लिहा. 🙏